स्तुती आणि सत्य

पन्नाशीत पियानो शिकू लागलेल्या विद्यार्थ्याशी शिक्षकाने कितपत खरे बोलावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु दुसऱ्याचा मान राखणे म्हणजे नेमके काय, हा त्याचा गाभा आहे.

प्रौढाची अडचण मुलाच्या अडचणीहून वेगळी असते. मुलाचे कान आणि बोटे बरोबरीने वाढतात. आपले सदोष वादन त्याला फारसे खुपत नाही. प्रौढाने मात्र वर्षानुवर्षे उत्तम संगीत ऐकलेले असते. त्याचा कान परिपक्व असतो आणि बोटे तेवढी बाल्यावस्थेत असतात. उजवा हात चालू लागला की डावा थबकतो. करंगळीला सोबत घेतल्यावाचून अनामिका उठत नाही. आपल्या व्यवसायात निष्णात असलेली व्यक्ती त्या ८८ पट्ट्यांपुढे संकोचून जाते. अशा वेळी शिक्षकाच्या मुखातून सहज निघते, "छान, फारच छान!"

या शब्दांत दया असते, हे नाकारता येत नाही. परंतु ते उच्चारताना आपण मनोमन ठरवून टाकलेले असते की, या माणसाला सत्य पेलणार नाही. शिकवणी चालू राहावी हा हेतूही त्या गोडव्याआड दडलेला असू शकतो. चूक तर विद्यार्थ्याच्या कानाला कळलेलीच असते. खोट्या स्तुतीने तो फसत नाही. आपल्या उणिवेसह एकटा मात्र पडतो. शिवाय त्याच्यापाशी वेळ थोडा असतो, आणि तोही वाया जातो.

याउलट, मैफिली गाजवणाऱ्या वादकाच्या मापाने त्याला मोजून निराश करणे, हेही सत्य नव्हे. मापच चुकीचे असेल, तर तोल खरा कसा ठरावा?

योहान सेबास्टियन बाख याने १७२३ साली आपल्या ३० छोट्या रचनांचा संग्रह सिद्ध केला. त्याला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ 'प्रामाणिक मार्गदर्शन' असा होतो. आणि तो त्याने वाद्याच्या प्रेमीजनांना, विशेषतः शिकण्याची आस असणाऱ्यांना उद्देशून लिहिला. प्रेमीजन आणि प्रामाणिकपणा यांत त्याला विरोध दिसला नाही.

कोणी म्हणेल, हे लोक आनंदासाठी येतात. त्यांना दुरुस्त्या कशाला? तर मग त्यांनाच विचारावे. आपल्याला काय साधायचे आहे हे ठरवण्याचा अधिकार प्रौढाचा आहे. तो शिक्षकाने परस्पर वापरू नये. त्याने ध्येय सांगितले, की मग नेमके बोलावे: "तिसऱ्या बारमध्ये डावा हात घाई करतो. तेवढाच भाग निम्म्या लयीत, एकट्या डाव्या हाताने वाजवा." यात अपमान नाही आणि खुशामतही नाही. पुढच्या आठवड्यात तोच बार स्वच्छ वाजला, तर "छान" म्हणावे. त्या दिवशी त्या शब्दाला मोल असेल, कारण तो त्याआधी उधळला गेलेला नसेल.