साक्षीदार उठून गेल्यावर

परीक्षेच्या वर्गातून पर्यवेक्षक दोन मिनिटे बाहेर गेला की काय होते, हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगायला नको. मुलांना आम्हीच शिकवतो की अल्लाह सर्व पाहतो. तरीही प्रश्नपत्रिकांचे पाकीट सीलबंद येते आणि फोडताना साक्षीच्या सह्या घेतल्या जातात. यात आम्हाला विसंगती वाटे. आता वाटत नाही. त्याला निमित्त झाले अमेरिकेतले मिनियापोलिस शहर.

25 मे 2020 रोजी तेथे एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून ठेवला. फ्लॉइड मेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. तब्येत बिघडून माणूस दगावला, असा त्याचा सूर होता. रस्त्यावर उभ्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाईलवर चित्रण केले नसते तर तेच खरे ठरले असते. आमच्या वर्गातल्या मुलींहून ती फार मोठी नव्हती.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पोलीस शहराच्या ताब्यात असतात. लॉस एंजेलिसला 1991 मध्ये रॉडनी किंग यांना पोलिसांनी बेदम मारले. त्यानंतर 1994 मध्ये कायदा झाला. एखादे पोलीस खाते नागरिकांचे हक्क सातत्याने तुडवत असेल तर केंद्र सरकार त्यावर दावा करू शकते आणि कोर्टाच्या देखरेखीखाली सुधारणांचा लेखी करार करून घेऊ शकते. मिनियापोलिसबाबत केंद्राचा चौकशी अहवाल 2023 मध्ये आला, जानेवारी 2025 मध्ये करार ठरला. त्याच महिन्यात सरकार बदलले. 21 मे 2025 रोजी, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाला चार दिवस उरले असताना, नव्या सरकारने दावा सोडत असल्याचे जाहीर केले. आठवड्याच्या आत कोर्टाने प्रकरण बंद केले.

शहराचे पोलीस वॉशिंग्टनने का चालवावेत, असा त्या सरकारचा सवाल. तो अगदीच पोकळ नाही. पण ज्या हाताने मारले त्याच हातात हिशोबाची वही द्यायची का?

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्याची नाही, उधारीची आहे. सूरह बकरातली ही आयत सांगते, व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या आणि साक्षीदाराने बोलावल्यावर नाही म्हणू नये. हे सांगितले आहे ईमानवाल्यांनाच. ईमान असले तरी कागद लागतो, मग पोलीस खात्याच्या सदिच्छेवर कसे भागेल?

मिनियापोलिसचे नशीब की तेथे दुसराही साक्षीदार होता. मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क खात्याने वेगळी चौकशी करून 2023 मध्ये शहराशी आपला करार केला होता. त्यामागे कोर्ट आहे, म्हणून तो टिकला. महापौर जेकब फ्रे म्हणाले की केंद्राच्या करारातल्या सुधारणाही आम्ही करूच. त्यांचा शब्द आम्ही खोटा मानत नाही. मात्र महापौर बदलतात.

लुईव्हिल शहराला तेवढाही आधार नव्हता. तेथे मार्च 2020 मध्ये ब्रिऑना टेलर या तरुणीला पोलिसांनी तिच्याच घरात गोळ्या घातल्या होत्या. तिथलाही दावा केंद्राने त्याच दिवशी सोडला. तेव्हा शहराने स्वतःच आराखडा केला आणि बाहेरचा तपासनीस नेमायचे ठरवले. म्हणजे तपासनीस निवडणार शहर आणि त्याचे पैसे देणारही शहरच.