रतामाच्या झुडुपाखाली



येत्या १९ मार्चला आपण संत योसेफ यांचा सण साजरा करणार आहोत. योसेफ पवित्र कुटुंबाचे रक्षक, कष्टकऱ्यांचे आश्रयदाते आणि चांगल्या मरणाचेही आश्रयदाते. त्यांच्या अखेरच्या घटकेला येशू आणि मरिया उशाशी होते असे ख्रिस्तसभेची परंपरा मानते. म्हणून मरणासन्न माणसाजवळ बसून आपली जुनी माणसे योसेफची प्रार्थना म्हणत असत.

याच तारखेला महाराष्ट्र आणखी एक आठवण काढतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवर पुष्कळ लोक या दिवशी अन्नत्याग करतात. सणाच्या दिवशी उपवास कसा, असे कोणी विचारील. माझ्या मते ज्याला करावासा वाटतो त्याने जरूर करावा, योसेफला त्याचे वाईट वाटणार नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २६९ एकट्या बीड जिल्ह्यात. आपल्यापैकी अनेकांची मुळे वैजापूर, गंगापूरकडच्या गावांत आहेत, तेव्हा या आकड्यांतले एखादे घर आपल्या ओळखीचे असू शकते. अशा मृत्यूनंतर सरकारी मदतीसाठी प्रकरणाची छाननी होते आणि कागदावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. कार्यालयाला नियम लागतात, हे मला कळते. तरी ज्या विधवेच्या हातात तो ‘अपात्र’चा कागद येतो तिचा विचार मनातून जात नाही. आणि दुःख फक्त शेतावरच आहे असेही नाही. वाळूजच्या कंपनीतून कमी केलेला कामगार, स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्नही हुकलेला मुलगा, मोबाइलवरून घेतलेल्या कर्जापायी धमक्या ऐकणारी गृहिणी, मुले परदेशी गेल्यावर एकटे उरलेले आजोबा. रविवारी मिस्साला ही सगळी माणसे स्वच्छ कपडे घालून येतात आणि ‘कसे आहात’ म्हटले की ‘देवाची कृपा’ म्हणतात.

जगण्याला कंटाळलेला माणूस म्हणजे श्रद्धेत कच्चा, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. पवित्र शास्त्र तसे ठरवत नाही. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. यिर्मयानेही दिला. योना मरण मागत बसला. आशिया प्रांतात आपल्यावर एवढे ओझे पडले की जगण्याचीही आशा उरली नव्हती, हे संत पौल करिंथच्या मंडळीला न लाजता लिहितात. आणि एलिया तर संदेष्ट्यांमध्ये थोर! कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला होता. त्यानंतर थोड्याच काळात ईझेबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला, सेवकाला मागे ठेवले, एका रतामाच्या झुडुपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे झाले, माझा प्राण घे.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय घरी काढून सावकाश वाचा. देव काय करतो ते बघा. तो एलियाला रागावत नाही. कालचा चमत्कार विसरलास का, असे विचारत नाही. तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत, हे तर मुळीच सांगत नाही. (हे वाक्य आपण सांत्वन म्हणून बोलतो. त्याने कोणाचे सांत्वन झालेले मी पाहिलेले नाही.) देव त्याला झोपू देतो. मग देवदूत येतो, त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत मग दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. एलियाचे म्हणणे देवाने चुकीचे ठरवले नाही. वाट खरोखरच झेपणारी नव्हती, हे मान्य करूनच भाकर दिली. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चाळीस रात्री चालून देवाच्या डोंगरापर्यंत, होरेबपर्यंत गेला. आपण आज उपवासकाळाच्या त्याच चाळीस दिवसांत आहोत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांची आत्महत्येविरुद्धची तीन कारणे आम्ही पाठ केली होती: ती निसर्गाविरुद्ध आहे, समाजावर अन्याय करते आणि देवाने दिलेले दान नाकारते. कारणे आजही खरी आहेत. पण मध्यरात्री छताकडे बघत पडलेल्या माणसाला युक्तिवाद ऐकू येत नाही. त्याच थोर ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी थॉमस दुःखावरचे उपाय सांगतात, त्याकडे आमचे फारसे लक्ष गेले नव्हते. रडणे, मित्रांची सोबत, सत्याचे चिंतन आणि त्याबरोबर झोप व आंघोळ. तेराव्या शतकातला एवढा मोठा पंडित, आणि दुःखी माणसाला आंघोळ करून झोपायला सांगतो!

आता हे पान हातात धरून ज्या कोणाला आतून वाटते आहे की हे माझ्याविषयीच आहे, त्यांच्याशी थोडे बोलतो.

तुम्हाला असे विचार येतात म्हणून देव तुमच्यापासून दूर गेलेला नाही. तुम्ही गेलात तर घरच्यांचे ओझे कमी होईल असे मन सांगत असेल, तर ते खोटे सांगते आहे. ज्या घरांत असे झाले तिथे मी प्रार्थनेला बसलो आहे. ओझे कमी झालेले एकही घर मी पाहिले नाही. थकलेले मन वर्षाचा हिशोब मांडायला बसते आणि उत्तर एकच काढते. तो हिशोब आज करू नका. आजची रात्र काढा, तीसुद्धा एकट्याने नको. भावाला, मैत्रिणीला, शेजारच्या काकूंना उठवा आणि स्पष्ट शब्दांत सांगा की मला जगावेसे वाटत नाही, माझ्याजवळ बस. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर एलियाचेच शब्द चालतील, देवाने ते ऐकले आहेत. आणि डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी घेताना आपण श्रद्धा कमी पडली असे म्हणत नाही, मग मनाच्या आजाराच्या गोळीचीच लाज का? घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येते. कायद्याची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार मानण्याऐवजी त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे.

राहिलेल्यांसाठी प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट आहे. भूकंपाने दारे उघडली, कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकाऱ्याने स्वतःवर तलवार उपसली. अंधारातून पौल मोठ्याने ओरडला की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच्याच पहाऱ्यातला, फटके खाल्लेला कैदी त्याला वाचवतो! पहाट होण्यापूर्वी तो अधिकारी पौलाच्या जखमा धूत होता, आणि मग सारे त्याच्या घरी जेवायला बसले. आपल्या धर्मग्रामात एखादा गप्प झाला, मिस्साला येईनासा झाला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर कुजबुज नको. जाऊन सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याचा सुटकेचा श्वास येतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटे सोडू नका, धोक्याच्या वस्तू घरातून हलवा आणि डबा घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. देवदूतही दोनदा आला होता.

आणि ज्यांच्या घरातले माणूस असे गेले आहे, त्यांना एक सांगायचे आहे. १९१७ च्या धर्मविधी संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई, त्या काळच्या कडू आठवणी काही घरांत अजून आहेत. १९८३ च्या संहितेत ती बंदी नाही. तीव्र मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा लोकांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, कारण देवाला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या त्याच्या वाटा ठाऊक आहेत, अशी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण आहे. तुम्ही मान खाली घालून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसण्याचे काही कारण नाही.

संत योसेफच्या सणाची संध्याकाळची मिस्सा या वर्षी अशा सर्व मृतांसाठी अर्पण करू. वेदीजवळ एक टोपली ठेवलेली असेल. आपल्या माणसाचे नाव चिठ्ठीवर लिहून तीत टाका. फक्त नाव पुरे, कसे गेले ते लिहू नका. मिस्सानंतर मी उशिरापर्यंत चर्चमध्येच थांबणार आहे. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी यावे, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांनीही येऊन नुसते बसावे. चहा ठेवलेला असेल.

आपला,
धर्मगुरू