पाय काढायला कोणी सांगितलं?

‘एबीएस फेल झालं, सर.’ आल्या आल्या हेच बोललास. आईचा हात प्लास्टरमध्ये आहे, गाडीचा कोपरा ताम्हिणी घाटाच्या कठड्यावर चेपलाय आणि दोष एबीएसचा! दोन वर्षं माझ्या वर्कशॉपमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलास. ब्रेक मी तुला नुसता फळ्यावर शिकवला नाही, गाडीखाली झोपवून शिकवला. आता गप्प उभा राहा आणि ऐक.

तूच सांगितलंस ते. माणगावच्या बाजूला उतरत होतास, पाऊस होता, वेग ७०. वळणावर म्हशी दिसल्या. ब्रेक दाबलास तशी पेडल पायाखाली थडथडायला लागली, खालून कर्रकर्र आवाज आला आणि तू घाबरून पाय काढलास. पुन्हा दाबलास, पुन्हा सोडलास. अरे, पेडल थडथडत होती म्हणजे एबीएस चालू होतं! बंद तू पाडलंस, पाय काढून.

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. एखादं चाक एकदम मंदावलं की कंट्रोल युनिट ओळखतं, हे आता जाम होणार. लगेच त्या चाकाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद होतो. मग तू कितीही जोर लाव, तिथला दाब वाढत नाही. तेवढ्याने चाक सुटलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून थोडं ब्रेक ऑइल बाहेर काढतो. चाक फिरायला लागलं की पुन्हा दाब. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. बाहेर काढलेलं ऑइल पंप मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो, तोच धक्का तुझ्या तळव्याला लागत होता. वडिलांनी तुला पंप मारत ब्रेक लावायला शिकवलं. त्यांच्या टेंपोसाठी ते बरोबरच होतं, कारण चाक जाम होऊ न देण्याचं काम त्यांच्या पायालाच करावं लागायचं. तुझ्या गाडीत ते काम यंत्र करतं. तू पेडल दाबून धरायची आणि स्टिअरिंग जिकडे जागा आहे तिकडे वळवायचं, बस्स. जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, स्टिअरिंगचं ऐकत नाही. फिरतं चाक ऐकतं. एबीएस त्यासाठी आहे. गाडी जागच्या जागी थांबवायला नाही. सुट्या खडीवर तर एबीएसची गाडी जास्तच अंतर घेऊ शकते, कारण जाम चाकापुढे खडीचा ढीग साचून गाडी अडते, फिरत्या चाकापुढे तो साचत नाही.

आता ते दुसरं. डॅशबोर्डवरचं बटण दाबून धरून ईएससी, म्हणजे गाडी स्थिर ठेवणारी यंत्रणा, बंद केली होतीस. का, तर ‘चढावर गाडी दबते, सर’. गाडी दबत नव्हती! ओल्या चढावर तुझं चाक जागेवर फिरत होतं म्हणून त्याच यंत्रणेतलं ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कमी करत होतं आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ती ताकद पकड असलेल्या चाकाकडे वळवत होतं. ते बटण चिखलात रुतलेली गाडी हलवून काढण्यासाठी आहे. घाट उतरताना ते बंद ठेवणाऱ्याला मी शिकवलंय हे मला सांगवत नाही.

ती यंत्रणा कशासाठी असते ते ऐक. १९९७ साली स्वीडनमध्ये एका मोटार मासिकाने मर्सिडीझची नवीकोरी छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यावर अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं तर गाडी डावीकडे काढून परत उजवीकडे घ्यायची, एवढीच ती चाचणी. गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि दोनच वर्षांपूर्वी आपल्या महागड्या गाडीत आणलेली स्थिरतेची यंत्रणा त्या छोट्या गाडीतही बसवली. तुझ्या समोर म्हशी होत्या, एवढाच फरक. तीच यंत्रणा तुझ्या गाडीत होती आणि तू ती बोटाने बंद केलीस.

काय केलं असतं तिने? स्टिअरिंग किती वळलंय ते एक सेन्सर सांगतो, गाडी खरोखर किती फिरतेय ते दुसरा. दोन्हींचं जमेना की ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. तुझी मागची बाजू बाहेर फेकली गेली, तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक तिने पकडलं असतं आणि नाक परत सरळ केलं असतं. असं चारातलं एकच चाक तुला पायाने पकडता येतं का? मलाही येत नाही. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही येत नाही, कारण पेडल एकच आहे.

आता गाडीचा फोटो दाखव. मागचे टायर बघ, गोटा झालेत. नवे दोन घेतलेस ते पुढे बसवलेस, कारण ओढणारी चाकं पुढची. नवी जोडी मागे घालायची हे मी तीनदा सांगितलं होतं. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही बाद आहे. एबीएस काय, ईएससी काय, रस्त्यावर पकड निर्माण करत नाही, असलेली वाटून देते. गोटा टायरखाली पाणी साचल्यावर तिने वाटायचं काय? सपाट कोरड्या रस्त्यावर ७० च्या वेगाला नुसत्या ब्रेकचं अंतर साधारण २४ मीटर. ओल्यावर पकड निम्मी झाली की ४८. त्यात तुझा पाय हलेपर्यंतच्या एका सेकंदाचे १९ मीटर मिळव. उतार मी अजून धरलाच नाही. ३५ ने उतरला असतास तर ओल्यातही ब्रेकचं अंतर १२ मीटरच्या आसपास होतं. वेग निम्मा, अंतर चौथाई. हे गणित तू परीक्षेत बरोबर सोडवलं होतंस, पेपर मीच तपासला होता.

उद्या सकाळी आठला ये. संस्थेची गाडी घेऊ, मागचं मैदान पाणी मारून ठेवायला सांगतो. चाळीसवर आणायची आणि पेडल थडथडली तरी दाबून धरायची. मी शेजारी बसेन. पाय सुटला तर पुन्हा. दहा वेळा सुटला तर अकराव्यांदा.

आणि आज घरी गेल्यावर आईजवळ बस. एबीएस फेल झालं असं तिला सांगितलंयस ना? तिला सांग, पाय मी काढला.