आवळणी आणि सचोटी

एखादी वस्तू सुस्थितीत आणणे आणि ती सुस्थितीत आहे असे भासविणे, यांतील भेद कोणासही सहज सांगता येईल, अशी आपली समजूत असते. परंतु या दोन्ही क्रिया एकाच पान्याने व एकाच नटावर घडत असतील, तर तो भेद कोठे शोधावा? हा प्रश्न आम्हांस नीतिशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर वाशीम जिल्ह्यातील जऊळका येथे एका अंगणात पडला.

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील या गावी आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची बुलेट मोटारसायकल आहे. त्यांचा पुतण्या ती घेऊन पातूरच्या घाटाने अकोल्यास जावयाचा होता. पुढच्या ब्रेकची मूठ फार सैल पडली होती. सबब काकांनी मिस्त्रीस बोलावून ब्रेक जरा आवळून देण्यास सांगितले.

या ब्रेकची रचना साधी आहे. मूठ दाबली की केबल ओढली जाते, ती चाकावरील दांडा फिरविते, आणि आतील दोन अर्धगोल शू पसरून फिरत्या ड्रमला आतून घासतात. शूवरचा लायनर झिजला म्हणजे अंतर वाढते व मूठ सैल पडते. उपाय सोपा आहे. चाक जमिनीवरून उचलावे, ते हाताने फिरवीत केबलचा नट आवळावा, घासल्याचा किंचित आवाज येताच थोडा मागे घ्यावा, आणि चाक मोकळे फिरते ना, हे पाहावे.

मेख येथेच आहे. नट ढिलाई काढतो. झीज भरून काढीत नाही. ब्रेक दाबला असता केबल व दांडा यांत सुमारे काटकोन असावा लागतो. झीज वाढून नट आवळीत गेले की दांडा त्या कोनापलीकडे कलतो व तेवढ्याच ओढीचा जोर उणावतो. म्हणजे हातास घट्ट लागणारा ब्रेक आतून अखेरच्या घटका मोजीत असू शकतो. आणि ब्रेक लावताना गाडीचा भार तर पुढच्याच चाकावर येतो.

मिस्त्रीने दांड्याचा कल पाहिला आणि नटास हात न लावता चाकच खोलले. लायनर अगदी पातळ झाला होता. नवे शू येईपर्यंत पुतण्याचा प्रवास लांबणार, म्हणून काका संतापले. गाडी आपली, काम आपण सांगितलेले. मग न सांगितलेले याने का करावे?

हा आक्षेप पोकळ नाही. मालकाच्या इच्छेस मान आहेच. परंतु घाट उतरणार होता पुतण्या. त्याच्या जिवाचा धोका पत्करण्याचा अधिकार काकांस कोठून आला? घट्ट मूठ ही स्वारास दिलेली एक हमीच असते. तिच्या खरेपणाविषयी शंका असता ती द्यावयाची, म्हणजे तोंड न उघडता असत्य बोलणे होय.

यावरून प्रत्येक आवळणी ही लबाडी, असे आम्ही म्हणत नाही. लायनर जाड असता नट आवळणे हेच योग्य काम. रोज ड्रम कोण उघडील? भेद कृतीत नाही, ती करण्यापूर्वी आत पाहिले की नाही, यात आहे. काका खोटे बोलले नव्हते. त्यांस ठाऊक नव्हते, एवढेच. परंतु जे अज्ञान आपण सोयीसाठी जपतो, ते निर्दोष कसे म्हणावे? कर्ज काढून कर्ज फेडणारा गृहस्थ आणि दुखणे दडवून औषधाने ताप उतरविणारा रोगी हेही नटच आवळीत असतात. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस योजना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. पण तीही झिजलेल्या लायनरची उणीव भरून काढू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी नवे शू बसले. ते ड्रमच्या मध्यावर यावेत म्हणून चाकाच्या आसाचा नट आवळताना ब्रेक दाबून धरावा लागतो. मिस्त्रीने ती मूठ पुतण्याच्या हाती दिली. ज्याने तिच्यावर विसंबावयाचे, त्यास आतले दाखवावे, हे त्याने न सांगता केले. काकांनी मजुरी विचारली व दिली. आवळणीचे नाव मात्र काढले नाही.