दोष यंत्राचा कीं बसविणाराचा?

खोली मोजणारें यंत्र होडीच्या बुडाशीं बसवितात. त्याचा ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर वेगानें जाऊन समुद्रतळावरून परततो. लागलेल्या वेळावरून खोली कळते. परंतु तें बुडबुड्यांच्या प्रवाहांत बसविलें, तर आकडा चुकतो. शिवाय तें आपल्याच खालचें पाणी मोजतें. होडीचा कणा त्याहून अर्धा मीटर खोल असल्यास तितकें वजा करावें लागतें. हें न केल्यानें होडी खडकावर आदळली, तर दोष कोणाचा? यंत्र खोटें बोललें नाहीं. आम्हीच त्यास खोट्या जागीं ठेविलें. ज्या आकड्यावर सोबत्यांचे जीव विसंबतात, तो शिसें बांधलेल्या दोरीनें आधीं पडताळणें हें आमचें कर्तव्य होय. ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ ही सबब तेथें चालत नाहीं.