लिंगोची कथा: मुखातली आणि कागदावरची

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गोंडांचा धर्म पिढ्यान्पिढ्या मुखानेच चालत आला. पेन म्हणजे देव, त्यांची ठाणी, चार ते सात देवांनुसार पडलेले सगे (कुलसमूह) आणि त्यावर ठरणारी सोयरीक ही सारी घडी पहांदी पारी कुपार लिंगो याने बसवली, अशी श्रद्धा आहे. लिंगोची कथा गोंडांचे भाट असलेले परधान किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गात. या कथेचे सर्वाधिक प्रसिद्ध जुने लिखित रूप मात्र एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या कागदपत्रांतून आले. अशा लेखनाला धर्मग्रंथाचा अधिकार मिळू शकतो का, हा येथे प्रश्न आहे.

स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार, शाळा आणि भूगर्भशास्त्र यांबरोबर त्यांनी मध्य भारतातील आदिवासींविषयी टिपणे जमवली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीला परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. मागे राहिलेली हस्तलिखिते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये छापली. त्यांत लिंगोचे गीत रोमन लिपीतील गोंडी आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडणे, लिंगोने त्यांना सोडवणे, त्यांची कुळे पाडणे आणि देवपूजा शिकवणे असा त्याचा क्रम आहे.

हा मजकूर प्रमाण मानण्यात पहिली अडचण अशी की तो एका गायनाची नोंद आहे. मौखिक कथा सगा, गायक आणि प्रसंग यांनुसार बदलते. वर्धा-पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात राजगोंडांच्या कथा टिपल्या, तेव्हा वेगवेगळ्या सग्यांच्या उत्पत्तिकथा वेगळ्या असल्याचे दिसले. त्यांतली एकच खरी आणि बाकीच्या बिघडलेल्या, असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण मधल्या हातांची. गायकापासून छापील पानापर्यंत लेखनिक, भाषांतरकार आणि संपादक येतात. गीतातील महादेव-पार्वती ही हिंदू संपर्कातून आलेली भर आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. नागपूरचे मोतीराम कंगाली यांच्यासारख्या गोंडी अभ्यासकांनी मात्र शंभू हा मुळात गोंडांचाच मानून कथेचा वेगळा अर्थ लावला.

ग्रंथ असलेल्या परंपरेतही पाठ आपोआप शुद्ध राहत नाही. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्या पाठाला मान मिळाला, कारण शोधणारा त्याच भक्तिपरंपरेतला होता. वेदांचे पठणही पद, क्रम, घन अशा पाठांनी अक्षरशः राखले गेले, तेही परंपरेच्याच शिस्तीने. हिस्लॉप यांच्या कागदांचे संपादन मात्र प्रशासकाने केले. गोंड समाजाने त्याला संमती दिलेली नव्हती.

तरीही हे कागद निरुपयोगी ठरत नाहीत. सुमारे 160 वर्षांपूर्वी परधान काय गात होते, याची ती साक्ष आहे. साक्ष तपासायची असते, इतर कथनांशी ताडायची असते. साक्षीवरून आज्ञा मात्र निघत नाही. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड ही लिंगोने गोंडांना जिथून सोडवले ती गुहा मानली जाते आणि माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेचे पावित्र्य 1866 च्या पुस्तकावर अवलंबून नाही.

ग्रंथ नाही म्हणून धर्म कमी प्रतीचा, हा समजही येथे टिकत नाही. गोंडी परंपरेत प्रमाण आहे ते कथन, ठाणे, सग्याचे नियम आणि ते पाळणारा समाज यांत. हस्तलिखित त्या प्रमाणाला पूरक ठरू शकते. त्याची जागा घेऊ शकत नाही.