बांध कोणाचा?

गोव्यात पेडणे तालुक्यात तेरेखोल व शापोरा नद्यांच्या काठी, तसेच डिचोलीत मांडवीच्या बाजूला, खाजन जमिनी आहेत. भरतीच्या पातळीहून सखल असलेली ही शेते मातीच्या बांधांनी राखलेली असतात. बांधात बसविलेल्या लाकडी दारांच्या झडपेस मानस म्हणतात. भरतीच्या जोराने ती आपोआप मिटते व ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. पावसाळ्यात खार धुऊन निघतो आणि खारेपणा सोसणारे कोरगूट भात पिकते. कापणी झाली की खारे पाणी आत घेऊन तेथेच कोळंबी व मासे वाढतात. बाहेर तिवरांची रांग लाटांचा मार झेलते. हा मेळ पूर्वी गावकरी संस्थेने सांभाळला. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली.

मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, आणि प्रश्न उद्भवतो तो येथे. बोली जिंकणाऱ्यास जितके खारे पाणी आत येईल तितका लाभ. शेजारच्या भातशेतीस तेच पाणी म्हणजे नाश. बांध फुटला तर ते एकाच्या शेतात थांबत नाही. "आम्ही पैसे मोजले आहेत," असे म्हणणाऱ्यास काय उत्तर द्यावे? आम्हांस वाटते, त्याने मासळी विकत घेतली आहे, बांध नव्हे.

अहाब राजानेही नाबोथाला मोल देऊ केले होते. निदान नाबोथाला नकार तरी देता आला. खाजनातल्या शेजाऱ्यास कोणी विचारीत नाही. मीठ न विचारताच झिरपते.

आम्ही कोळंबीच्या विरुद्ध नाही (ती आवडीने खाणारेच आहोत). 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर निर्णय देताना किनारी नियमन क्षेत्रातील कोळंबी तलावांस मनाई केली; पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींस मात्र मोकळीक ठेवली. पुढे 2005 च्या किनारी मत्स्यशेती कायद्याने नोंदणीची वाट करून दिली व ती मनाई सैल झाली. परंतु परवाना हाती आला म्हणून शेजाऱ्याचा प्रश्न मिटला काय? परवान्यावर त्याच्या भाताचा उल्लेख नसतो.

लिलावाच्या रकमेतून बांधाच्या दुरुस्तीस किती काढावयाचे, आणि पावसापूर्वी खारे पाणी आत घेणे कोणत्या दिवशी बंद करावयाचे, हे बोलीआधीच ठरवावे. त्या बैठकीस सर्वांत सखल शेताचा कसणारा हजर असल्याखेरीज बोली सुरू करू नये.